भावाचा लोखंडी हात

'नावाडीण' हा गेम पहिल्यांदा बाजारात आला तेव्हा तो बनवणारी अख्खी कंपनी एका टायरच्या दुकानावरच्या खोलीत मावत होती आणि तरी एक खुर्ची रिकामी राहायची. खोलीला रबराचा वास होता. खिडकी उघडली की रस्त्याचा आवाज, बंद केली की जीव गुदमरायचा. कंपनी काढणारे साहेब तेव्हा साहेब नव्हते. ते पुठ्ठ्यावर झोपत आणि सगळ्यांचा चहा करत. एक चित्रकार होता, दोघंतिघं प्रोग्रॅमर होते आणि गोष्ट लिहायला एक लेखिका होती. गेमच्या धंद्यात लेखक म्हणजे भाजीवरची कोथिंबीर. घातली तर बरं दिसतं, नाही घातली म्हणून कुणी ताट परत पाठवत नाही.

तिने लिहिलेली गोष्ट साधी होती. शहरात पूर आलाय. एक नावाडीण छपरांवर अडकलेल्या माणसांना होडीत घेऊन टेकडीवर सोडते. होडीत जागा थोडी, तेव्हा कुणाला घ्यायचं आणि कुणाला 'पुढच्या फेरीला येते हं' असं खोटं सांगायचं, ते खेळणाऱ्याने ठरवायचं. ती स्वतः मात्र एकालाच शोधत असते, बापाशी भांडून घर सोडून गेलेल्या थोरल्या भावाला. शेवटी तो सापडतो, एका पाण्याच्या टाकीवर. ती होडी लावते. तो खाली बघतो, मान हलवतो आणि येत नाही. कुठलंही बटण दाबा, कितीही वेळा दाबा, येत नाही. मग वल्ही मारत परत फिरायचं. संगीत नाही, नुसता पाण्याचा आवाज. संपला गेम.

लोकांनी कंट्रोलर भिंतीवर आपटले, कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पुन्हा पहिल्यापासून खेळायला बसले. भाऊ का आला नाही, यावर वर्षानुवर्षं वाद चालले. एका जोडप्याचं ठरलेलं लग्न यावरून मोडलं अशी वदंता होती. साहेबांनी ती खोडून काढायची तसदी घेतली नाही.

लेखिकेला जो भेटेल तो विचारायचा, "खरं सांगा, का नाही आला?" ती म्हणायची, "मला माहीत नाही." लोकांना वाटायचं, काय खोल बाई आहे! पण तिला खरोखरच माहीत नव्हतं. तिचा सख्खा दादा बाबांशी भांडून असाच गेला होता. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. त्याने गल्ल्यावर बसावं अशी त्यांची इच्छा, आणि त्याला त्या दुकानाच्या नावानेच डोकेदुखी. गेला तो गेलाच. कुठल्याशा शहरात लिफ्ट दुरुस्त करतो, एवढं उडत उडत कळलं होतं. बाबा गेले तेव्हा त्याच्या एका मित्राकरवी निरोप धाडला. तो आला नाही. दुकान मधली बहीण, म्हणजे ताई, चालवू लागली. तिने त्या दिवसापासून दादाचं नाव टाकलं. कुणी चुकून काढलंच तर ती लगेच कुठल्यातरी चष्म्याच्या काचा पुसायला घ्यायची. त्या घरात काचा फार स्वच्छ असत.

ताईने पहिला गेम दुकानाच्या मागच्या खोलीत बसून खेळला. शेवटी वल्ही मारून झाल्यावर कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाली, "सोडून आलीस ते बरं केलंस." एवढंच तिचं परीक्षण.

यश आलं की माणसाला मोठी जागा लागते. एका बड्या कंपनीने ही चिमुकली कंपनी विकत घेतली आणि सगळे काचेच्या इमारतीत गेले. तिथल्या खिडक्या उघडतच नसत, त्यामुळे तो प्रश्न कायमचा मिटला. साहेबांना दार असलेली खोली मिळाली, आणि दाराआड जाताच ते साहेब झाले. दुसरा भाग काढायचा हे ओघाने आलंच. त्याचं नाव गोष्टीच्या आधी ठरलं : 'नावाडीण दोन : प्रलयाचा प्रतिशोध'. प्रलय कुणाचा प्रतिशोध घेणार होता, हे लेखिकेने शोधून काढायचं होतं.

पहिल्या बैठकीत एक नव्या बाई होत्या. खेळणाऱ्यांच्या आवडीनिवडी मोजणं हे त्यांचं काम. सगळे त्यांना आकडेबाई म्हणत, आणि त्यांना तो किताब वाटत असे.

"आम्ही लोकांना सरळ विचारलं," आकडेबाई म्हणाल्या, "दुसऱ्या भागात काय हवं? बहुतेक सगळे म्हणाले, भाऊ परत हवा."

"पोरांना विचारलं, उद्या शाळेला सुट्टी हवी का, तर तीही हो म्हणतील," लेखिका म्हणाली.

"तेच तर म्हणतेय मी! मग द्यावी ना सुट्टी."

साहेबांनी मध्यस्थी केली. "हे बघ, भाऊ परत येतोय हे ठरलंय. कसा येतो ते तू ठरव. तुझ्यावर कसलंही बंधन नाही. फक्त त्याला लोखंडी हात असेल."

"लोखंडी हात? का?"

चित्रकार टेबलाकडे बघत म्हणाला, "दुसऱ्या एका गेमसाठी बनवला होता. तो गेम बारगळला. हात फार देखणा झालाय गं. वाया जाईल."

म्हणजे हात तयार होता, त्याला मागे माणूस चिकटवायचा होता. तिने चिकटवला. अशा कामाला तिकडे 'सहकार्य' म्हणत.

मग एकेक करून बाकीचं सामान यायला लागलं. होडीला आधी इंजिन आलं, मग तोफ आली. पहिल्या भागात महापूर आला होता तो नुसता आला होता, पूर येतो तसा. दुसऱ्या भागात तो 'जलसम्राट' नावाच्या एका इसमाचा कट निघाला. त्यानेच म्हणे भावाला टाकीवरून पळवून नेलं आणि त्याचा मेंदू धुतला. सगळीकडे एवढं पाणी म्हटल्यावर धुवायला काय कमी! पहिल्या भागात नावाडीण जेमतेम दहा-बारा वाक्यं बोलायची. आता प्रत्येक तोफगोळ्यानंतर तिने एक विनोद करायचा होता, कारण गप्प बसणारी बाई विकली जात नाही असा कुणीतरी निष्कर्ष काढला होता. लेखिकेने असे शेकडो विनोद लिहिले. त्यातला एकही कुणाला हसू यावं म्हणून नव्हता; ती नुसती जागा भरत होती.

एके दिवशी तिला कळलं की बर्फाचा टप्पा बांधून तयार आहे.

"अहो, पण शहरात पूर आहे," ती साहेबांना म्हणाली.

"मग? पाणीच आहे ना? गोठव."

तिने गोठवलं.

गोष्टीच्या मधोमध एक प्रकरण होतं. जलसम्राट आधी नावाडिणीला मदत करतो आणि मग का उलटतो, ते त्यात उलगडायचं. तिने स्वतःहून मन लावून लिहिलेलं तेवढंच. पण तोवर बड्या कंपनीला याच गेमबरोबर द्यायची 'नौकायुद्ध' नावाची वेगळी कल्पना सुचली होती. जगभरच्या लोकांनी आपापल्या घरी बसून एकमेकांच्या होड्या बुडवायच्या. त्याला गोष्ट लागत नाही, शेवट लागत नाही आणि ते कधी संपत नाही. धंद्याच्या दृष्टीने याहून सुंदर काय असतं? गोष्टीवर काम करणारी निम्मीअधिक माणसं उचलून तिकडे नेली. मधलं प्रकरण कापलं. त्यामुळे एका दृश्यात जलसम्राट नावाडिणीला जेवायला बसवतो आणि पुढच्याच दृश्यात तिचं शहर बुडवतो. बघणाऱ्याला वाटावं, आपला मध्ये डोळा लागला की काय. हे सांधायला दोन वाक्यं नव्याने हवी होती, पण नावाडिणीला आवाज देणारी नटी दुसऱ्या कामाला लागली होती. शेवटी नावाडीण त्या दृश्यात पाठमोरी उभी राहते आणि नुसती मान डोलावते. शहर बुडतंय आणि बाई मान डोलावतेय!

भावाबहिणीच्या भेटीचा प्रसंग मात्र तिने कुणी हात न लावता लिहिला. भाऊ शुद्धीवर येतो, लोखंडी हाताने तिचा खांदा धरतो आणि म्हणतो, "मी इतकी वर्षं तुझीच वाट बघत होतो." आकडेबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब म्हणाले, बघ, जमतं की तुला. लेखिकेने सगळ्यांसमोर तोंड वाकडं केलं. पण तो प्रसंग लिहिताना तिलाही रडू आलं होतं, आणि हे तिने कुणालाच सांगितलं नाही. भाऊ परत हवा म्हणणाऱ्या त्या बहुतेक सगळ्यांत तीही होती.

गेम बाजारात आला. पहिल्या आठवड्यात धडाधड विकला गेला, कारण तोवर कुणी खेळलेलं नव्हतं. मग लोक खेळले. एकाने लिहिलं की पुराच्या गोष्टीत बर्फ बघून मी दोनदा मशीन बंद करून चालू केलं. दुसरा म्हणाला, ही बाई इतके विनोद करते की शहराबरोबर हीपण बुडाली असती तर बरं. मान डोलावणाऱ्या पाठीची चित्रं करून लोक एकमेकांना पाठवू लागले. पण खरा राग भावावर निघाला. 'आम्ही तीन-चार वर्षं भांडलो, तो का आला नाही म्हणून. आणि उत्तर काय, तर त्याला एका माणसाने पळवलं?' असं एका बाईने लिहिलं होतं. त्याच्याखाली हजारोंनी नुसतं 'हो ना' लिहिलं.

साहेब म्हणाले, "लोकांना गोष्ट कळलीच नाही." कंपनीने 'खेळणाऱ्यांच्या भावनांचा आम्ही आदर करतो' असं पत्रक काढलं. आदर करायचा म्हणजे काही करायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं. आकडेबाईंनी पुन्हा लोकांना विचारलं, तर ज्यांना भाऊ परत हवा होता ते आता म्हणत होते, याला परत टाकीवर नेऊन ठेवा.

ताईनेही खेळला. लेखिका दुकानात गेली तेव्हा ती एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी वाकवत होती. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "बर्फ, तोफ, तो राजा, हे सगळं तुझ्या कंपनीचं. मला कळतं. पण तो भेटायचा प्रसंग तुझा आहे."

"कशावरून?"

"त्यात कुणी विनोद करत नाही," ताई म्हणाली आणि काचा पुसायला घेतल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत लेखिका ऑफिसच्या जेवणघरात डबा उघडून बसली होती. अनोळखी नंबरवरून फोन आला. अलीकडे असे फोन फार यायचे, शिव्या देणाऱ्यांचे. तिने उचलला आणि सवयीने म्हणाली, "बर्फाबद्दल असेल तर ते माझं नाही."

"लोखंडी हात कुणाच्या डोक्यातून निघाला?" पलीकडून आवाज आला.

घास तिच्या तोंडातच राहिला. आवाज जाड झाला होता, पण प्रश्न विचारताना शेवटच्या शब्दावर रेलायची खोड तीच होती.

"दादा?"

"आधी हाताचं सांग."

"तयार होता. वाया गेला असता."

"वाटलंच. आमच्याकडेपण असंच चालतं. जुन्या इमारतीतलं बटणांचं पॅनल नव्या लिफ्टला बसवतात. नऊ मजले, बटणं बारा."

ती हसली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी मायक्रोवेव्हच्या रांगेवरून हुज्जत घालत होतं.

"पहिला खेळलास?" तिने विचारलं.

"किती वेळा ते विचारू नकोस. टाकीवरचा तो मीच ना?"

"हो."

"तो बरोबर होता. तू आलीस, मी नाही म्हटलं, तू गेलीस. चूक कुणाची, ते कुणीच बोललं नाही. मला वाटलं, धाकटीला कळलंय. म्हणून फोन केला नाही."

"वा रे वा! कळलं म्हणून फोन नाही?"

"तक्रारच नव्हती, कशाला करू? आता आहे. आता मी तिथे उभा राहून रडतो. 'तुझीच वाट बघत होतो' म्हणे! मी नव्हतो गं कुणाची वाट बघत."

"मग काय करत होतास?" तिचा आवाज चढला. "सांग ना! बाबा गेले, आम्ही निरोप पाठवला. ताईने दोन दिवस दाराला कडी घातली नाही. काय करत होतास तू?"



"घाबरत होतो," दादा म्हणाला. "पहिल्या वर्षी आलो असतो तर बाबांचं बोलणं खावं लागलं असतं. दुसऱ्या वर्षी त्यांचं आणि ताईचं. मग दरवर्षी ते वाढतच गेलं. बाबा गेले तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. दुकान बंद दिसलं. बाबांनी माझ्या आठवणीत दुकान कधी बंद ठेवलं नव्हतं. तिथूनच मागे फिरलो."

तिने डब्याचं झाकण लावलं.

"मला कुणी पळवून नेलं नाही," तो म्हणाला. "मी माझ्या पायांनी गेलो. चूक म्हण, काहीही म्हण, पण ती माझी आहे. तुझ्या त्या पाण्याच्या राजाला कशाला देऊन टाकलीस?"

एवढं बोलून त्याने, काम आलंय, असं म्हणून फोन ठेवला. लेखिका जेवली नाही. ती तडक साहेबांच्या खोलीत गेली.

लोकांना शांत करायला कंपनी दुसऱ्या भागात फुकट सुधारणा देणार होती. तिने सांगितलं, भेटीचा प्रसंग मला बदलायचाय. जलसम्राटाने भावाला पळवलेलंच नाही. तो स्वतःच गेला. आणि भेटल्यावर तो काहीही बोलत नाही, कारण त्याच्याकडे बोलण्यासारखं काही नाही. त्याला लाज वाटतेय. हात काढा.

साहेबांनी दार लावून घेतलं. क्षणभर ते टायरच्या दुकानावरचे दिसले. "मलाही पहिलाच आवडतो गं," ते म्हणाले. "पण तेव्हा लोकांना काय हवंय, ते आपल्याला माहीत नव्हतं ना."

"आताही नाहीये."

"आता निदान आकडे आहेत."

"आणि हात?"

"हाताची खेळणी बनवून झालीत. दुकानात गेलीत. हात कसा काढणार?"

सुधारणा आली. तिच्यात लोखंडी हाताला सोनेरी रंग देण्याची सोय होती.

पुढे तिसऱ्या भागाचं ठरलं. बैठकीत आकडेबाईंनी दाखवून दिलं की सगळ्या तक्रारी गोष्टीबद्दलच आहेत. नौकायुद्धाबद्दल कुणीच कुरकुर करत नाही. यावर उपाय उघड होता. तिसऱ्या भागात गोष्टच ठेवली नाही. त्याच बैठकीत लेखिकेच्या कामाचं मनापासून कौतुक झालं, आणि असं कौतुक झालं की माणसाने आपलं टेबल आवरायला घ्यायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. चित्रकार तिला खाली दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, हातामुळे झालं का गं सगळं? ती म्हणाली, नाही रे, हात चांगला होता. तिसरा भाग तिन्हींत सर्वात जास्त विकला गेला.

दादा मात्र आला. आधी फोनवर बराच घोळ घातला. काम आहे, गाडीचं बघतो, पुढच्या महिन्यात. मग एका सकाळी सरळ दुकानात उभा. लेखिका त्या दिवसांत नोकरी शोधता शोधता ताईच्या दुकानात बसायची. तिने त्याला आधी गिऱ्हाईक समजून "या, बसा" म्हटलं. केस गेलेले, अंगाने सुटलेला, बाहीला ग्रीसचा डाग. दोन्ही हात मांसाचे.

ताई आतून आली. त्याच्याकडे बघितलं. आयुष्यभर ज्या प्रसंगाच्या निरनिराळ्या प्रती तिने मनात लिहिल्या होत्या तो हा, आणि तिच्या एकाही प्रतीत ताई जे बोलली ते नव्हतं.

"डोळे बारीक करून काय बघतोयस? बस त्या खुर्चीत."

तो निमूटपणे बसला. ताईने त्याच्या नाकावर तपासणीची जड चौकट ठेवली, दिवा घालवला आणि समोरचा अक्षरांचा तक्ता उजळला.

"वाच."

त्याने वरच्या दोन ओळी वाचल्या. तिसरीत अडकला.

"असल्या डोळ्यांनी लिफ्टच्या तारा बघतोस? आणि लोक आत बसतात?"

"अंदाजाने करतो."

"अंदाजाने!" ताई म्हणाली. तिथून पुढे ती जी सुरू झाली ती थांबेना. अंदाजाने घर सोडलंस, अंदाजाने बाप मेल्यावर आला नाहीस, आम्ही इथे कशा राहिलो याचाही तू अंदाजच केला असशील. बोलता बोलता ती काचा बदलत होती आणि मधूनच, "आता दिसतंय का?" असं विचारत होती. तोही "थोडं" किंवा "हो" म्हणत होता. रडलं कुणीच नाही. एक गिऱ्हाईक दार ढकलून आलं, ऐकलं आणि आल्या पावली गेलं.

तो दोन दिवस राहिला. ताईने त्याला माफ केलं नाही. तसं स्वच्छ सांगितलंही. त्याने माफी मागितली, तीही चुकीच्या वेळी, ती हिशोबात गुंतलेली असताना, आणि ती म्हणाली, "मध्ये बोलू नकोस." दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने लेखिकेबरोबर नौकायुद्ध खेळून बघितलं. त्याला ते भलतंच आवडलं. त्याने तिची होडी पाच-सहा वेळा बुडवली आणि दर वेळी लहानपणी हसायचा तसा खिंकाळून हसला.

जाताना त्याच्या खिशात नवा चष्मा होता. आता तो रविवारी फोन करतो. ताई घेत नाही. लेखिका बोलत असते तेव्हा ती आतल्या खोलीत असते, आणि फोन संपायच्या बेतात आला की तिथून ओरडते, "विचार त्याला, चष्मा लावतो का."

"लावतो म्हणतो," लेखिका सांगते.

"खोटं बोलतोय," ताई म्हणते.